पॉल रॉब्सनचे इंग्लंडमधले चित्रपट दाखवा, आणि ‘सँडर्स’ वगळू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते आणि चित्रपट महोत्सवांच्या निवड समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

पॉल रॉब्सन या काळ्या अमेरिकन गायकाचा आवाज तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असेल. मिसिसिपी नदीवरचं त्याचं गाणं, त्याच्याच प्रेरणेने भूपेन हजारिकांनी बांधलेलं नदीचं गाणं, एवढी ओळख आपल्याकडे नक्की आहे. पण हा माणूस १९२५ ते १९४२ या काळात अकरा कथाचित्रपटांत नट म्हणून उभा राहिला. त्यातले सहा त्याने मायदेशाबाहेर, इंग्लंडमधल्या निर्मात्यांसाठी केले. हे सहा चित्रपट आपल्याकडे ओळीने, एकापाठोपाठ एक दाखवलेले माझ्या पाहण्यात नाहीत. ते दाखवावेत, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे.

विनंतीत एक अट आहे, आणि तीच महत्त्वाची. या सहांमधला पहिला चित्रपट, १९३५ चा ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’, उघडउघड साम्राज्याची भलामण करणारा आहे. रॉब्सनवर प्रेम करणारी माणसं तो टाळतात. त्याच्या गौरवाचा कार्यक्रम असला की गाणी लावतात, भाषणातले उतारे वाचतात, फार तर शेवटचा ‘द प्राउड व्हॅली’ दाखवतात. त्यामुळे प्रेक्षकांना एक घडून तयार झालेला महापुरुष दिसतो. तो घडला कसा, कुठे फसला, फसल्यावर त्याने काय केलं, हे दिसतच नाही. रॉब्सनची चित्रपटातली कारकीर्द म्हणजे आपल्या चेहऱ्यावर आणि आवाजावर हक्क कुणाचा, या प्रश्नावर एका नटाने केलेलं भांडण आहे. त्या भांडणाची सुरुवात कापून टाकली तर पुढचं काहीच कळणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जन्म १८९८, न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाव. वडील गुलामगिरीतून पळून सुटलेले आणि पुढे धर्मोपदेशक झालेले. आई तो सहा वर्षांचा असताना भाजून गेली. रटगर्स महाविद्यालयात शिकताना फुटबॉलमध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली, कोलंबियातून त्याने कायद्याची पदवी घेतली. वकिलीच्या कचेरीत गोऱ्या लघुलेखिकेने त्याचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि त्याने वकिली सोडली. रंगभूमीवर नाव झालं, ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाकडे १९२५ मध्ये पहिला चित्रपट झाला. १९२८ मध्ये ‘शो बोट’च्या प्रयोगासाठी तो लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आला, आणि १९३९ पर्यंत त्याचा मुक्काम मुख्यतः लंडनमध्येच राहिला.

लंडन म्हणजे स्वर्ग होता असं कुणी मानू नये. १९२९ मध्ये सॅव्हॉय हॉटेलच्या ग्रिलमध्ये त्याला काळा म्हणून जेवायला बसू दिलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच नावाच्या नाट्यगृहात तो ऑथेल्लो झाला, समोर डेस्डेमोना म्हणून पेगी ॲशक्रॉफ्ट. अमेरिकेत त्या काळी काळ्या नटाने गोऱ्या नटीला रंगमंचावर कवेत घेणं कुणी खपवून घेतलं नसतं. ब्रॉडवेवर त्याचा ऑथेल्लो उभा राहायला १९४३ उजाडलं. लंडनने त्याला जे दिलं ते एवढंच नव्हतं. साम्राज्याची राजधानी असल्यामुळे साम्राज्याविरुद्ध लढणारी माणसंही तिथेच भेटत होती. पश्चिम आफ्रिकेतले विद्यार्थी, केनियाचे जोमो केन्याटा, आणि १९३८ मध्ये लंडनला आलेले जवाहरलाल नेहरू. आपण आफ्रिकेचे आहोत हा शोध आपल्याला इंग्लंडमध्ये लागला, असं तो सांगत असे. तिथल्या पौर्वात्य विद्यांच्या संस्थेत बसून त्याने आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला.

आणि या अभ्यासाच्या ऐन भरात ‘सँडर्स’ त्याच्याकडे आला.

अलेक्झांडर कोर्डा निर्माता, त्याचा भाऊ झोल्टान दिग्दर्शक, कथा एडगर वॉलेसच्या. झोल्टान कोर्डा आफ्रिकेत काही महिने राहून चित्रण करून आला होता. गाणी, नाच, होड्यांवरचे ताल, सगळं खरं. रॉब्सनला ते दाखवलं, ऐकवलं. जगाला प्रथमच आफ्रिकेचं खरं संगीत आणि खरी माणसं दिसतील, असं त्याला वाटलं आणि त्याने बोसांबोची भूमिका घेतली. स्टुडिओत उभारलेल्या गावात इंग्लंडच्या बंदरांतले आफ्रिकी कामगार आणि लंडनमधले विद्यार्थी गावकरी म्हणून उभे केले होते. त्या गर्दीत पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले केन्याटाही होते. हे वाचून मी तो चित्रपट पुन्हा लावला तेव्हा नायकापेक्षा मागच्या रांगांकडेच जास्त पाहत राहिलो.

पडद्यावर जे आलं ते मात्र वेगळंच होतं. सुरुवातीलाच मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या धैर्याचं आणि कार्यक्षमतेचं गुणगान. बोसांबो हा तुरुंगातून पळालेला चोर, सँडर्स साहेबाच्या मर्जीने मुखिया होतो. साहेब रजेवर गेला की टोळ्या एकमेकांचे गळे कापतात, साहेब परतला की शांतता नांदते. बिबट्याचं कातडं गुंडाळलेला रॉब्सन साहेबापुढे लहान मुलासारखा हसतो. हा साम्राज्याचा पीळ चित्रीकरणाच्या अगदी शेवटच्या दिवसांत घातला गेला, असं रॉब्सनने नंतर सांगितलं. तसं असेल तरी बोसांबोचं ते हसणं त्याच्याच चेहऱ्यावर आहे, आणि ते त्याने नाकारलं नाही. आफ्रिकी मित्रांनी आणि काळ्या वृत्तपत्रांनी त्याला धारेवर धरलं. काही वर्षांनी त्याने जाहीरपणे म्हटलं की हिटलरच्या जर्मनीत आणि मुसोलिनीच्या इटलीत दाखवता येईल असा आपला हा एकच चित्रपट आहे, कारण फॅसिस्टांना काळा माणूस जसा हवा असतो, तसाच तो यात आहे.

इथे आपला संबंध थेट येतो. तीन वर्षांनी याच कोर्डा बंधूंनी, याच साच्यातून, वायव्य सरहद्द प्रांतावर ‘द ड्रम’ काढला. झोल्टानच दिग्दर्शक, तोच शूर साहेब, तेच विश्वासू आणि तेच कपटी देशी लोक. १९३८ च्या सप्टेंबरात तो मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, निदर्शनं झाली, पोलिसांशी झटापटी झाल्या आणि शेवटी सरकारला तो मागे घ्यावा लागला. आफ्रिकेतल्या प्रेक्षकांना ‘सँडर्स’ला असं उत्तर द्यायची सोय नव्हती. मुंबईकरांनी ‘ड्रम’ला दिली ती चपराक मला दोन्ही चित्रपटांना मिळालेली वाटते. ‘सँडर्स’ दाखवाल तेव्हा ही मुंबईची हकीकत आधी सांगा. मराठी प्रेक्षकाला मग कुठल्याही लांबलचक प्रस्तावनेची गरज उरणार नाही.

फसल्यावर रॉब्सनने काय केलं, ते १९३६ च्या ‘साँग ऑफ फ्रीडम’मध्ये दिसतं. या वेळी त्याने करारात लिहूनच घेतलं की चित्रपटाचं अंतिम संकलन आपल्या मंजुरीशिवाय होणार नाही. आजही मोठमोठ्या दिग्दर्शकांना जो हक्क मिळत नाही तो एका काळ्या अमेरिकन नटाने परक्या देशात १९३६ साली मिळवला होता! आपल्या सिनेमाच्या इतिहासाच्या व्याख्यानांत ही गोष्ट का येत नाही, याचं मला वाईट वाटतं. चित्रपट कसा आहे? कथा भाबडी आहे. लंडनच्या गोदीतला कामगार जॉन झिंगा मोठा गायक होतो आणि आपण आफ्रिकेतल्या एका बेटाच्या राजघराण्यातले आहोत हे त्याला कळतं. बेटावर गेल्यावरचा भाग तर मला आजही खटकतो, तिथले लोक पुन्हा अडाणीच दाखवलेत. पण पहिला अर्धा तास पाहा. गोदीतली वस्ती, कामावरून घरी येणारा नवरा, एलिझाबेथ वेल्चने केलेली त्याची बायको, दोघांचं साधं, प्रेमाचं घर, शेजारी गोरे आणि काळे एकाच जिन्यावर बसून गप्पा मारताहेत. १९३६ च्या कुठल्याही अमेरिकन चित्रपटात काळ्या जोडप्याचा इतका साधा, इतका सन्मानाचा संसार तुम्हाला सापडणार नाही. ‘सँडर्स’ आदल्या दिवशी पाहिलेला असेल तरच या अर्ध्या तासाची किंमत कळते. म्हणून मी क्रमाचा आग्रह धरतो आहे.

मधले तीन चित्रपट १९३७ चे. ‘बिग फेला’ फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरावरचा, हलकाफुलका, त्यात रॉब्सनची पत्नी एस्लांडाही काम करते. ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ त्यातल्या त्यात दुबळा, पण त्यात त्याने केलेला उंबोपा ताठ मानेने वावरतो. ‘जेरिको’साठी तो इजिप्तला गेला, आफ्रिकेच्या भूमीवर उभा राहून काम केलं. दोन दिवसांच्या महोत्सवात हे तिन्ही बसत नसतील तर ‘जेरिको’ ठेवा, बाकीचे दोन पुढे केव्हातरी.

आता ‘द प्राउड व्हॅली’. हा चित्रपट मी खाण कामगाराच्या घरातला मुलगा म्हणून पाहतो, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही, आणि ते तसं असावं असं मला वाटतही नाही.

वेल्समधल्या खाण कामगारांशी रॉब्सनचं नातं चित्रपटाच्या बरंच आधीचं होतं. १९२९ च्या सुमारास ऱ्होंडाच्या खोऱ्यातून लंडनपर्यंत चालत आलेले बेकार खाण कामगार रस्त्यात गात चालले होते, तो त्यांच्यात सामील झाला, त्यांच्यासाठी गायला आणि त्यांच्या परतीच्या प्रवासाची सोय केली. १९३४ च्या सप्टेंबरात ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसं गेली. त्या वेळी तो वेल्समध्येच कॅर्नार्व्हनला गाण्यासाठी आला होता. आपली बिदागी त्याने मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला दिली. दिग्दर्शक पेन टेनिसन आणि ईलिंग स्टुडिओ त्याच्याकडे ‘प्राउड व्हॅली’ घेऊन आले तेव्हा त्याला त्या खोऱ्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

कथा हर्बर्ट मार्शल आणि फ्रेडा ब्रिलियंट या नवरा-बायकोची. लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक चौकात मांडी घालून बसलेल्या गांधीजींचा जो पुतळा आहे, तो घडवणारी शिल्पकार हीच फ्रेडा ब्रिलियंट. लंडनला जाणारे कितीतरी मराठी लोक त्या पुतळ्यापाशी फोटो काढून घेतात. ज्या हातांनी तो पुतळा घडला, त्यांनीच दोन-तीन दशकं आधी रॉब्सनची ही भूमिका लिहायला मदत केली होती, हे तुमच्या माहितीपत्रकात जरूर छापा.

डेव्हिड गोलायथ नावाचा काळा अमेरिकन खलाशी काम शोधत वेल्सच्या खोऱ्यात पोचतो. एका घरात कामगारांच्या गायनमंडळाची तालीम चालू आहे, हा खाली रस्त्यावरून आपला खर्ज त्यात मिसळतो. मंडळाचा प्रमुख डिक पॅरी खिडकीतून डोकावतो आणि त्याला सोडतच नाही. खदानीत काही जण कुरकुरतात की काळा माणूस आमच्याबरोबर नको. त्यावर मिळणारं उत्तर कोळशाच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही लगेच पटेल: खाली उतरल्यावर आपण सगळेच काळे असतो. पुढे स्फोट होतो, डिक मरतो, खाण बंद पडते, घराघरांत चुली थंड होतात, आणि कामगार लंडनला चालत निघतात. शेवटी डेव्हिड स्वतःचा जीव देऊन डिकच्या मुलाला वाचवतो.

मूळ कथेत बंद खाण कामगारांनी स्वतःच्या हातात घेऊन चालवायची, असा शेवट होता. चित्रीकरण चालू असतानाच ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झालं आणि शेवट बदलला: मालक आणि मजूर देशासाठी एकत्र येतात. शिवाय गोऱ्या कुटुंबासाठी काळ्या माणसानेच मरायचं, हेही आलंच. चर्चेत या दोन्ही गोष्टी उठतील, उठाव्यातच. तरीही हाच चित्रपट आपल्याला अभिमानाने मिरवता येईल असं रॉब्सन म्हणायचा, आणि मला त्याचं कारण समजतं. यात त्याच्या अंगावर कातडं नाही, डोक्यावर मुकुट नाही. तो पाळीवर जातो, कामगारांच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो, पोरांना खेळवतो, त्यांच्यासाठी गातो. १९४० च्या फेब्रुवारीत बीबीसीने या चित्रपटाची ध्वनिफीत संक्षिप्त करून रेडिओवरून ऐकवली, म्हणजे चित्रपटगृहांत यायच्या आधी तो घराघरांत ऐकला गेला. ब्रिटिश वृत्तपत्रमालक बीव्हरब्रुकच्या वृत्तपत्रांनी मात्र रॉब्सनच्या रशियाला अनुकूल बोलण्यावरून चित्रपटावर बहिष्कार टाकला.

तोपर्यंत तो अमेरिकेला परतला होता. तिथे १९४२ मध्ये ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’ केला. पटकथा बदलून घेऊ असं त्याला वाटलं होतं, ते जमलं नाही. शेतमजूर पुन्हा भाबडे, आकाशातून पडलेल्या पैशांपुढे हात जोडणारे. लंडनमध्ये करारात लिहून घेतलेला हक्क हॉलिवूडमध्ये कुणी देणार नव्हतं. आपल्याच चित्रपटाविरुद्ध कुणी निदर्शनं केली तर मी त्यांच्यात उभा राहीन, असं तो म्हणाला, आणि व्यापारी चित्रपट त्याने कायमचे सोडले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

यापुढची कथा तुम्हाला माहीत असेल, तरी दोन गोष्टी सांगतो. १९५० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याचा पासपोर्ट रद्द केला. पुढे न्यायालयात सरकारने जी कारणं दिली त्यात एक असं होतं की हा माणूस आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं काम करतो आहे. ज्याला स्वतःच्या कामावर हक्क फक्त परदेशात मिळाला, त्याचा परदेशच काढून घेतला. तरी १९५४ मध्ये योरिस इव्हेन्सच्या नद्यांवरच्या माहितीपटासाठी त्याने अमेरिकेतून गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवलं. त्या नद्यांत आपली गंगाही आहे. आणि १९५७ च्या ऑक्टोबरात वेल्समधल्या पोर्थकॉलच्या सभागृहात जमलेल्या हजारो खाण कामगारांसाठी तो न्यूयॉर्कहून टेलिफोनवरून गायला, आणि त्यांनी इकडून त्याला गाऊन उत्तर दिलं. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ‘प्राउड व्हॅली’ संपल्यावर दिवे लावायच्या आधी ते ऐकवा.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवशी भारतात समारंभ झाले. त्यासाठीच्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. अमेरिकेच्या सरकारी प्रतिनिधींनी हे होऊ नये म्हणून बराच दबाव आणला. नेहरूंनी जाहीर निवेदन काढून समारंभाला पाठिंबा दिला, छागलाही मागे हटले नाहीत. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि रॉब्सनला पासपोर्ट परत मिळाला.

रशियाबद्दलही बोलायला हवं. १९४९ मध्ये तो मॉस्कोत असताना ज्यू कवी इत्सिक फेफर कैदेत होता हे त्याला कळलं होतं. तिथल्या मैफलीत त्याने वॉर्साच्या ज्यू बंडखोरांचं गाणं यिडिशमधून गायलं, ते धाडसच होतं. पण अमेरिकेत परतल्यावर तो या विषयावर गप्प राहिला, स्टालिनविरुद्ध जाहीरपणे कधी बोलला नाही. १९५२ मध्ये फेफरला गोळ्या घालून मारलं. हे मला दुखतं. ‘सँडर्स’बद्दल जो माणूस इतकं उघड बोलला तो इथे का बोलला नाही, हा प्रश्न तुमच्या चर्चेत कुणीतरी विचारेल. तेव्हा त्याला थांबवू नका आणि वक्त्यांनाही त्याची तयारी करून यायला सांगा.

चित्रपट मिळत नाहीत ही अडचण नाही. ‘सँडर्स’, ‘जेरिको’ आणि ‘प्राउड व्हॅली’ हे तिन्ही क्रायटेरिअन या अमेरिकन कंपनीने २००७ मध्येच चांगल्या प्रतींत प्रसिद्ध केले आहेत. मराठी उपशीर्षकं मात्र करावी लागतील. वेल्श इंग्रजी आमच्या कानांना जड जातं आणि ‘प्राउड व्हॅली’ ज्यांच्यासाठी आहे त्यातल्या पुष्कळांना इंग्रजी वाचता येत नाही. हे काम करणारे अनुवादक आपल्याकडे आहेत, त्यांना मानधन द्या.

पुण्या-मुंबईत तुम्ही हे चित्रपट दाखवालच. माझी विनंती आहे की निदान ‘प्राउड व्हॅली’ घेऊन तुम्ही घुग्घूस, बल्लारपूर, माजरी, वणी, उमरेड या भागातही या. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, कॉलन्यांमध्ये सभागृहं आहेत. आता बहुतेक खदानी खुल्या झाल्या आहेत, भूमिगत खदानीत उतरलेली माणसं म्हातारी होत चालली आहेत. ती जिवंत असताना त्यांनी हा चित्रपट पाहावा आणि त्यानंतरच्या चर्चेत प्राध्यापकांच्या आधी त्यांनी बोलावं.

सभागृह, खुर्च्या आणि पडदा यांची व्यवस्था आम्ही इथले काही जण करू. प्रोजेक्टर आणि उपशीर्षकांची प्रत तुम्ही आणा. पहिली पाळी दुपारी सुटते, म्हणून एक खेळ संध्याकाळी सातला ठेवा. दुसऱ्या पाळीतल्या लोकांसाठी तोच चित्रपट रविवारी सकाळी पुन्हा लावावा लागेल. पावसाळ्यात रस्ते खराब असतात, तेव्हा दिवाळीनंतरची तारीख कळवा.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक प्रेक्षक